यादी गावाची, सही तुझी

नांदेड,
महाशिवरात्र, १५ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. छोटीस,


तुझ्या भावाच्या लग्नाची तारीख वैशाखातली निघाली आणि तुम्ही दोघं दोन वर्षांनी दुबईहून येणार हेही पक्कं झालं. लातुरात घराला रंग काढलाय, तुझी आई वाळवणाच्या मागे आहे. पण या सगळ्याच्या आधी कुठली गोष्ट तयार झाली असेल, तर ती तुझ्याकडून मागवायच्या सामानाची यादी. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती रोज वाढतेय. तुझ्या बाबांना भिंतीवरचा मोठा टीव्ही पाहिजे. काकांच्या पोराला आयफोन, त्याच्या दोस्ताला लग्नाचं शूटिंग करायला ड्रोन. आत्याला गळ्यातलं, 'तिकडं सोनं स्वस्त असतंय' म्हणून. काका उघड काही लिहीत नाहीत, नुसतं 'आमचं लक्षात असू दे' म्हणतात. ते कशाबद्दल हे तुलाही ठाऊक आहे. मग शेजारच्यांचा दूध पावडरीचा डबा, टँग, खजूर, अत्तर, ब्लँकेट. कोणी पैसे किती ते विचारत नाही, आणि कस्टम्सचं नाव तर कोणाच्या तोंडीच नाही.

मी जन्मभर नांदेडात व्यापाऱ्यांची विक्रीकराची आणि आयकराची कामं केली. कस्टम्स हे काही माझं खातं नव्हे. पण कर कुठलाही असो, कागदावर ज्याची सही असते त्याच्याच गळ्याशी प्रकरण येतं, हे त्या कामात पुरतं कळलं. यादी करायला सगळा गाव जमला तरी हैदराबादला उतरल्यावर सांगायची पाळी तुझी, आणि सही तुझी. मला सांगायचंय ते एवढंच. पुढचं सगळं त्याच्याच पोटातलं समज.

कस्टम्स हे विमानाबरोबर आलेलं नवं लचांड आहे असं आपल्याकडे लोकांना वाटतं. तुझ्या पणज्याच्या काळी लातूर निजामाच्या राज्यात होतं आणि बार्शी इंग्रजी मुलखात. १९११ साली बार्शी लाइटची छोटी गाडी लातूरपर्यंत आली, तरी दोन्ही गावांच्या मधली राज्याची हद्द काही हलली नाही. त्या हद्दीवर निजाम सरकारची करोडगिरी, म्हणजे तेव्हाचं कस्टम्सच, असे. जाणाऱ्या-येणाऱ्या बहुतेक मालावर तिचा दर सर्वसाधारणपणे शेकडा पाच. हैदराबाद संस्थान विलीन झालं, पुढे करोडगिरीही गेली, आणि बार्शी-लातूर रस्ता नुसता रस्ता राहिला. सांगायचं कारण हे, की बाहेरून माल आणला तर हद्दीवर थांबून तो दाखवायचा, ही रीत मराठवाड्याला परकी नाही. दर मात्र तेव्हाचा शेकडा पाच विसरून जा.

आता नियम. परदेशातून विमानानं येणाऱ्या भारतीयाला ठरावीक किमतीपर्यंतचं सामान कर न भरता आणता येतं. ही मर्यादा २०१४ साली ३५,००० वरून ४५,००० झाली, २०१६ च्या बॅगेज नियमांनी ती ५०,००० केली, आणि मग दहा वर्षं कोणी तिला हात लावला नाही. या महिन्याच्या २ तारखेपासून बॅगेज नियम २०२६ लागू झाले आणि मर्यादा माणशी ७५,००० रुपयांवर आली. तुमचे रोजच्या वापरातले कपडे, चपला, वापरलेल्या किरकोळ चिजा या हिशेबात येत नाहीत. प्रत्येक सज्ञान प्रवाशाला एक लॅपटॉपही वेगळा मोकळा आहे. बाकी नवं म्हणून जे आणशील, मग तो फोन असो, घड्याळ असो, की आत्याच्या नातवाचं खेळणं असो, सगळं त्या ७५,००० मध्ये बसलं पाहिजे.

यात दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. पहिली गोष्ट, सवलत माणशी आहे, घराची नाही. तुझे ७५,००० आणि जावईबापूंचे ७५,००० मिळून दीड लाख होतात हे खरं, पण दीड लाखाचा एकच कॅमेरा दोघांच्या नावावर अर्धा-अर्धा दाखवता येत नाही. एक वस्तू एकाच्याच खात्यात जाते. दुसरी गोष्ट, वरच्या रकमेवरचा कर काही किरकोळ नसतो. मूळ आकारणी ३५ टक्के आणि त्या ३५ वर १० टक्के अधिभार, म्हणजे एकूण साडेअडतीस टक्के, हा हिशेब बरीच वर्षं चालत आलाय. काकांच्या पोराचा फोन १,१०,००० चा धर. ७५,००० वजा केले तर उरतात ३५,०००, आणि त्यावर १३,४७५ रुपये कर. त्या फोनपायी तुझी सगळी सवलत संपली, ती वेगळीच. मग आईसाठी आणलेल्या मिक्सरवरही पहिल्या रुपयापासून कर लागणार. पोराला हा हिशेब कळव आणि मग फोन कुठला घ्यायचा ते त्याचं त्याला ठरवू दे. निघायच्या आठवड्यात दर मात्र एकदा सरकारी माहितीत ताडून पाहा. अर्थसंकल्पाच्या हंगामात आकडा शिळा व्हायला वेळ लागत नाही.

बाबांच्या टीव्हीबद्दल मी त्यांच्याशी बोलेन, तू बोलू नकोस. २०१३ सालच्या ऑगस्टमध्ये रुपया घसरत चालला होता आणि लोक दुबईहून, बँकॉकहून चपटे टीव्ही खोक्यासकट विमानात घालून आणत होते. तेव्हा सरकारनं चपट्या पडद्याचा टीव्ही करमुक्त सवलतीतून काढला तो काढलाच. आज ४०,००० चा टीव्ही आणलास तर ७५,००० ची सवलत हाताशी असूनही पूर्ण ४०,००० वर कर, म्हणजे १५,४०० रुपये. शिवाय विमानात खोक्याचं भाडं, हैदराबादच्या शमशाबाद विमानतळाहून लातूरपर्यंत गाडीच्या टपावर त्याची काळजी, आणि बिघडला तर इथं वॉरंटी लागू होईल की नाही याची शंका. लातूरच्या दुकानात तोच टीव्ही हप्त्यानं मिळतो आणि दुरुस्तीवाला घरी येतो.

आता ड्युटी फ्री दुकान. दुबईच्या विमानतळावर तू ते पाहिलंच आहेस, पण त्याचं मूळ आयर्लंडात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून अमेरिकेला जाणारी विमानं इंधन भरायला तिथल्या शॅनन विमानतळावर थांबायची. उतारू तासन्‌तास बसून असायचे. ते धड आयर्लंडात आलेले नाहीत, धड बाहेरही नाहीत, मग त्यांना देशातला कर कशाला लावायचा, या विचारातून १९४७ साली तिथं पहिलं करमुक्त दुकान निघालं. त्यामागे ब्रेंडन ओ'रीगन नावाचा माणूस होता. पुढे दुबईला तसलं दुकान काढायचं ठरलं तेव्हा शॅननच्याच अनुभवी मंडळींना बोलावलं गेलं, आणि २० डिसेंबर १९८३ रोजी दुबई ड्युटी फ्री सुरू झालं.

हा इतिहास अशासाठी सांगितला, की ड्युटी फ्रीचा खरा अर्थ त्यातून कळतो. ते दुकान ज्या देशात आहे त्या देशाचा कर तिथं लागत नाही, इतकंच. आपल्या देशाचा कर माफ झाला असं त्यात कुठंच नाही. तिथून घेतलेली वस्तू तुझ्या ७५,००० मध्येच मोजली जाते. हैदराबादला उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याजवळ जे ड्युटी फ्री दुकान लागतं, तिथल्या खरेदीलाही हाच नियम. लोक दुबईच्या दुकानाची पिशवी वेगळी, हैदराबादच्या दुकानाची वेगळी, असं धरून दोन्हीकडे खरेदी करतात. मोजणारा अधिकारी दोन्ही पिशव्या एकाच टेबलावर ठेवतो.

दारूला माणशी दोन लिटर, वाइन धरून. काकांच्या 'लक्षात असू दे'ची हद्द तिथं संपते. आणि विमानतळावरून बाहेर पडलं म्हणजे सुटलो असंही नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे, त्याखाली दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. गाडी झहीराबाद, बिदर, उदगीर करत येणार, म्हणजे तीन राज्यांच्या हद्दी. मला विचारशील तर बाटली आणूच नकोस. काकांना खजुराचा डबा दे आणि माझं नाव सांग. सिगारेटचं गणित याहून अवघड. मर्यादा आहे १०० नगांची, आणि ड्युटी फ्रीत जो कार्टन विकतात त्यात २०० असतात. दुकानदार विकतो म्हणजे आणायला चालतं, असं जावईबापूंनी समजू नये. दुकानदाराचं काम विकण्याचं आहे, आपली मर्यादा सांभाळण्याचं नाही.

आता आत्याचं गळ्यातलं. इथं जरा थांबून वाच, कारण नातेवाइकांत भांडणं लागतात ती सोन्यावरून. एक वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्याला दागिन्यांची वेगळी सवलत आहे : बाईला ४० ग्रॅम आणि इतरांना २० ग्रॅम. आपल्या सराफ्यातला तोळा आता दहा ग्रॅमचा, म्हणजे तुला चार तोळे, जावईबापूंना दोन. आतापर्यंत या वजनाला किमतीचंही कुंपण होतं : पुरुषाला ५०,००० आणि बाईला एक लाख. हे आकडे २०१३ साली ठरले तेव्हा तोळा तीस हजारांच्या आसपास होता. २०२५ मध्ये तोळा लाखापुढे गेला आणि नियमाची थट्टा झाली. कागदावर सवलत वीस ग्रॅमची, आणि किमतीच्या कुंपणात अर्धा तोळाही मावेना. अंगावरच्या नेहमीच्या दागिन्यांसाठीही लोक अडकायला लागले, प्रकरणं दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि नियम काळाला धरून बदला असं न्यायालयानं सरकारला वारंवार बजावलं. नव्या नियमांत किमतीचं कुंपण गेलं, वजन तेवढं राहिलं. पाच दिवसांची दुबई सहल करून येणाऱ्याला मात्र ही वजनाची सवलत नाही. आत्याच्या भिशीतल्या बायका सहलीला निघायच्या बेतात आहेत, त्यांनाही हे ऐकव.

ही सवलत दागिन्यांची आहे. नाणं, बिस्कीट हे दागिने नव्हेत. वेढण्यासारखा ऐवजही दागिना म्हणून मान्य होईल या भरवशावर राहू नकोस. आणि चार तोळे तुझे आहेत, आत्याचे नाहीत. तिचं गळ्यातलं तू अंगावर घालून आणलंस, तर तेवढं तुझ्या हक्कातून वजा झालं. शिवाय स्वस्ताईचाही हिशेब तिला सांग. आपल्याकडे सोन्यावर १५ टक्के आयात कर होता तेव्हा दुबईच्या सोन्यात दम होता. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात तो ६ टक्क्यांवर आला आणि तफावत बरीच घटली. त्यात तिकडची घडणावळ आलीच. २०१८ पासून तिकडे पाच टक्के व्हॅटही आहे. तो सहलीवर आलेल्याला परत मागता येतो, पण तू तर तिथली रहिवासी. लातूरच्या सराफाकडे मोडीला नेलं तर तो आपला माल ओळखतो, घट कमी धरतो. दुबईच्या पावतीवर तशी खात्री कोण देणार? त्यापेक्षा आत्यानं इथंच घडवून घ्यावं, आणि तू आहेर म्हणून त्यात थोडी भर घालावी, हे दोघींच्याही सोयीचं.

तुझ्या स्वतःच्या जुन्या दागिन्यांचं आणखी एक काम आहे. लग्नासाठी तुझ्या लॉकरमधल्या पाटल्या-बांगड्या निघतील, आणि परत जाताना त्यातलं काही तू बरोबर नेशील. मग निघताना हैदराबादच्या कस्टम्सकडून त्याचा निर्यात दाखला करून घे. दागिन्यांचं वर्णन आणि वजन त्यावर लिहून मिळतं. पुढच्या खेपेला तेच दागिने घालून आलीस की हा कागद दाखवायचा, हे भारतातूनच गेलेलं सोनं आहे म्हणून. अर्धा तास जातो. विमानतळावर तेवढा वेळ हातात ठेवून नीघ. लग्नातला फोटो आणि सराफाची जुनी पावतीही फोनमध्ये असू दे.

काही गोष्टी कितीही कर भरायची तयारी असली तरी येत नाहीत. ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. काकांच्या पोराच्या दोस्तानं लग्नाचं शूटिंग लातूरच्या फोटोग्राफरकडून करून घ्यावं, त्याच्याकडे ड्रोन आहे. तोंडानं वाफा काढायची, व्हेप म्हणतात ती पेनं दुबईत सर्रास मिळतात; आपल्याकडे २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेट आणायला, विकायला बंदी आहे. सॅटेलाइट फोनच्या भानगडीत तर पडायचंच नाही.

आता जे सांगतो ते सगळ्यात महत्त्वाचं. दुबईला विमानतळावर किंवा आदल्या रात्री घरी कोणीतरी येईल, ओळखीचा, बहुधा मराठवाड्याचाच. "ताई, आईला एवढं पाकीट द्या, हैदराबादला माझा भाऊ घ्यायला येतोय." बांधलेलं पाकीट घ्यायचं नाही. उघडून दाखवलं, आणि तुला बघून समजण्यासारखं असलं, तरच. सीमाशुल्क कायदा १९६२ चा आहे, आणि त्यातलं १२३ वं कलम सोन्याबाबत असं सांगतं, की जप्त झालेलं सोनं चोरटं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी ते ज्याच्याकडे सापडलं त्याच्यावर. इतर खटल्यांत आरोप करणाऱ्यानं शाबीत करायचं असतं, इथं उलट आहे. 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर तिथं तोकडं पडतं. मार्च २०२५ मध्ये एका कन्नड अभिनेत्रीला दुबईहून येताना बंगळुरूच्या विमानतळावर १४ किलोहून जास्त सोन्यासह पकडलं, त्याच्या बातम्या तूही वाचल्या असतील. तेव्हापासून दुबईच्या विमानातल्या साध्या उतारूकडेही अधिकारी दोनदा बघणार, हे धरून चाल. देवाणघेवाणीत शेजारधर्म म्हणून आपण खूप काही करतो. करावंही. पण हैदराबादला पट्ट्यावर जी बॅग येते तिच्यावर तुझ्या नावाचा टॅग असतो, शेजाऱ्याच्या नावाचा नसतो.

नांदेडला परदेशातून थेट विमान येत नाही, लातूरला तर नाहीच. तेव्हा तुमचं कस्टम्स शमशाबादलाच होणार, पुढं गाडीनं या की आणखी कशानं. पासपोर्टवर शिक्का बसला की खाली पट्ट्यावर बॅगा येतात. आलेल्या बॅगेवर खडूची खूण दिसली तर दचकायचं नाही. आतलं काहीतरी उघडून बघायचंय, एवढाच तिचा अर्थ. तिथून बाहेर पडायला दोन वाटा. हिरवी पाटी म्हणजे 'माझ्याकडे कर लागण्यासारखं काही नाही.' लाल पाटी म्हणजे 'माझ्याकडे आहे, मला सांगायचंय.' हिरव्या पाटीखालून चाललीस की तू न बोलता जबानी दिलीस असं धरतात. मग बॅग उघडून जास्तीचा माल निघाला, तर प्रश्न कराचा राहत नाही, लपवण्याचा होतो. जप्ती आली, दंड आला, आणि रक्कम मोठी असेल तर अटकही.

आपल्या लोकांना लाल पाटीची लाज वाटते. तिकडं गेलो म्हणजे काहीतरी केलंय असं बघणाऱ्याला वाटेल म्हणून घाबरतात. खरं तर तिथं काय होतं? टेबलाशी एक अधिकारी बसलेला असतो. तू पावती पुढं करतेस : अमुक वस्तू, अमुक दिरहम. तो त्याचे रुपये करतो, सवलत वजा करतो, उरलेल्यावर आकडा काढतो. पैसे भरले की शिक्क्याची पावती हातात पडते आणि तुम्ही बाहेर. ती पावती जपून ठेव. कोणी पावतीविना थोडक्यात मिटवू म्हणालं, तर त्याला नम्रपणे म्हण, "पूर्ण घ्या, पण पावती द्या." घरून निघण्याआधीच सामानाची माहिती भरायची सोय असलेलं 'अतिथी' नावाचं सरकारी ॲप २०१९ पासून आहे, ते फोनवर घेऊन ठेव. आणि एखाद्या वस्तूवरचा कर भारी वाटला, भरायचा नसेल, तर ८० व्या कलमाखाली ती वस्तू कस्टम्सकडे ठेवून परत जाताना घेऊन जाता येते. ही सोय मात्र आपणहून खरं सांगणाऱ्यालाच आहे.

म्हणून तयारी अशी कर. सगळ्या नव्या वस्तूंच्या मूळ पावत्या एका पाकिटात, ते पाकीट हातातल्या पर्समध्ये. प्रत्येक वस्तू दोघांपैकी कोणाच्या नावावर, ते घरीच ठरवा आणि ती त्याच्याच बॅगेत भरा. पावतीविना किंमत अधिकारी ठरवतो, आणि ती तुझ्या बाजूनं झुकलेली नसते. नोटा मोजून ठेव. ५,००० डॉलरपेक्षा जास्त किमतीचं परकी चलन नोटांत असेल, किंवा धनादेश वगैरे धरून एकूण १०,००० डॉलरच्या वर असेल, तर ते लिहून द्यावं लागतं. जावईबापू लग्नाच्या खर्चाला रोख आणायचं म्हणत होते, त्यांना सांग, बँकेतून पाठवा, सरळ पडतं. कायमचं परत येणाऱ्यांना घरसामानाची जी मोठी सवलत असते ती तुम्हाला लागू नाही, तुम्ही सुट्टीवर येताय. कोणी सांगितलं की 'दोन वर्षं झाली ना, मग सगळं माफ आहे', तर तो तिसऱ्याचा नियम चौथ्याला सांगतोय.

आता यादीचं काय करायचं ते सांगतो. मला सगळी यादी पाठव. तुझे ७५,००० आणि जावईबापूंचे ७५,००० यात आधी तुझ्या आईबाबांचं, नवरीचं, आणि तुम्हा दोघांचं काय ते बसव. जागा उरली तर खजूर, अत्तर, मुलांचा खाऊ. बाकीच्यांना मी सांगतो. दोन वर्षं घाम गाळून मिळवलेल्या सुट्टीत तू हमालासारखी बॅगा ओढत यावीस, नियमाच्या कडेकडेनं चालावंस, आणि इथं आल्यावर 'त्याला फोन आणला, आम्हाला नाही' हे ऐकावंस, यातलं काही मला मान्य नाही. लेकीनं माहेरी नाही म्हणणं कठीण असतं, ते मी जाणतो. मामाला तो त्रास नाही. माझ्याशी दोन दिवस कोणी बोललं नाही तरी लग्नात पंगतीला शेजारी बसतीलच. तेव्हा कोणी काही मागितलं की बिनदिक्कत सांग, "मामांनी यादी बंद केलीय, त्यांना विचारा."

तुझ्या मामीचा तुम्हा दोघांना आशीर्वाद. विमानाची वेळ कळव, शमशाबादला गाडी घेऊन मी स्वतः येतोय.

तुझा,
मामा

ता. क. – परत जातानाचं एक राहिलंच. १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतोय. जावईबापूंना वाण द्यायचं म्हणून तुझी आई तेहतीस अनारसे करून डब्यात भरून देणार, हे मला आत्ताच दिसतंय. अनारशाला खसखस असते, आणि आपल्या काळ्या मसाल्यातही बहुधा पडते. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थात मोडते आणि तिच्यापायी माणसं तुरुंगात गेली आहेत. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्याही तिकडच्या परवानगीशिवाय नेऊ नका. अनारसे सगळे इथंच खाऊन जा. जावईबापूंना एकट्याला जड गेले तर मी मदतीला आहे.